ताटावरचा हात

कुत्र्याला बसायला शिकवता येतं, तेही न मारता, हे मी आज कोणालाही छातीठोकपणे सांगू शकतो. पहिल्या कुत्र्यानंतर मी आणखी दोन कुत्री वाढवली आणि दोन्ही शहाणी निघाली. पण पहिल्याच्या बाबतीत मी जे केलं, आणि त्यावर जे खोटं बोललो, ते आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला सोसायटीच्या तळमजल्यावर आम्ही तिघं राहायचो: गिरणीतली नोकरी सुटल्यावर गोदामात वॉचमन म्हणून लागलेले बाबा, आई आणि नुकताच बँकेत चिकटलेला मी. भाजीबाजारातून मी एक तांबूस गावठी पिल्लू उचलून आणलं. सात-आठ महिन्यांत ते चांगलं दांडगं झालं. एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या मावशी दुधाची पिशवी घेऊन येताना दिसल्या आणि त्याने आनंदाने थेट त्यांच्या अंगावर उडी घेतली. दूध सांडलं, मावशी पायरीवर बसल्या, कोपर सोलपटलं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. "हे बघ, रविवारी मी मावशींना घेऊन येतो. त्या समोर असताना हा गप बसला तर ठीक. नाहीतर मढला माझ्या ओळखीचा एक जण बंगला सांभाळतो, त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. साखळीला बांधून ठेवेल."

"बसेल ना! चार दिवसांत शिकवतो," मी म्हणालो. मला जराही शंका नव्हती.

कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायचं असतं, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्याकडे सगळ्यांचीच होती. घरात आई-बाबांना मालवणीशिवाय दुसरी भाषा नाही, पण कुत्र्याला मात्र 'सिट' आणि 'कम'. मी रोज बँकेतून आलो की त्याला समोर उभा करायचो. "सिट!" तो शेपूट हलवायचा. "सिट!" तो माझे बूट चाटायचा. तिसऱ्या दिवशी मी पेपरची गुंडाळी हातात घेतली. "कम" म्हणून बोलवायचं आणि बसला नाही की फटका. चौथ्या दिवशी "कम" ऐकलं की तो पलंगाखाली जाऊ लागला. मी वाकून तिथेही गुंडाळी चालवली. हे लिहिताना मला त्याचे मिटलेले डोळे दिसतात.

आई म्हणाली, "बोलवतंस आणि मारतंस? मी तुका जेवूक बोलवून मारलंय तर तू येशीत?"

"तुला त्यातलं कळत नाही गं," मी म्हणालो.

रविवारी दुपारी सेक्रेटरी मावशींना घेऊन आले तेव्हा बाबा आत जेवायला बसले होते. मी दार उघडलं. मावशींना बघताच कुत्रा पलंगाखालून सुटला.

"सिट! सिट!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. मावशींनी पदर सावरत भिंत गाठली. मढची साखळी मला दिसायलाच लागली. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "बस! बस गो!"

आणि कुत्रा उंबरठ्यावर धपकन बसला. मावशींच्या पायाशी, तोंड मात्र स्वयंपाकघराकडे.

"आयला, झकास!" सेक्रेटरी म्हणाले. "मराठीत शिकवलंय? कोणी, तू?"

"हो, मीच," मी म्हणालो.

ते दोघे गेल्यावर मी आत गेलो. बाबांचा हात अजून ताटावर आडवा होता आणि आई भाताची वाढणी धरून उभी होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. रोज आई आणखी भात वाढायला जायची, बाबा ताटावर हात धरून "बस" म्हणायचे, आणि वाढणीतला उरलेला भात कुत्र्याला मिळायचा. पण टोपात तोंड घातलेलं आईला खपत नसे, म्हणून तो खाली बसल्याशिवाय ती देत नसे. कित्येक महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

"बाबा, सेक्रेटरींना मी खोटं सांगितलं," मी म्हणालो. "त्याला तुम्ही शिकवलंत."

"मी खंय शिकवलंय?" बाबा म्हणाले. "मी भात नको म्हटलंय." मग पेपरच्या गुंडाळीकडे बघून पलंगाखाली बोट दाखवत म्हणाले, "ता मात्र तू शिकवलंस."

गुंडाळी मी त्याच दिवशी रद्दीत टाकली. 'कम' हा शब्दही टाकला. रोज बँकेतून आल्यावर पलंगापासून लांब फरशीवर बसायचो, चपातीचा तुकडा पुढे धरायचो आणि हळूच "ये" म्हणायचो. आला नाही तर तुकडा तिथेच ठेवून उठायचो. कुत्रा आमच्याकडेच राहिला होता, पण माझ्या हाकेला पलंगाखालून बाहेर यायला त्याने बावीस दिवस घेतले.