मेहरुनबाईंनी न केलेली सही

मेहरुनबाई चिडल्या की बोलायच्या कमी आणि मोजायच्या जास्त. शनिवार पेठेतल्या सर्पगृहात अकरा वर्षं त्यांचं कामच ते होतं. सापाने टाकलेली कात ओल्या फडक्यावर पसरायची, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजायच्या आणि पिंजऱ्याचा नंबर घालून सापाची जात वहीत लिहायची. वडील दादामियाँ पुस्तकबांधणीचं काम करत. त्यांच्या हाताखाली पानं मोजता मोजताच बाई इंटर सायन्स झाल्या होत्या. सर्पगृहातलं विष वाळवून लशीच्या कारखान्यात जायचं. बाटलीवरच्या चिठ्ठीत 'जात ओळखली' या शब्दांपुढे बाईंची सही असल्याशिवाय कारखाना बाटली घेत नसे. साप चावलेल्या माणसाला टोचायची लस त्याच विषावर तयार व्हायची.

सासष्ट सालच्या सप्टेंबरात एक कात मोजताना बाईंचं बोट अडलं. एकवीस. पुन्हा मोजलं, एकवीसच. इकडच्या नागाला बहुधा तेवीस भरतात. एका आकड्यावरून जात ठरत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं, म्हणून त्या उठून थेट नागांच्या खड्ड्यापाशी गेल्या आणि मच्छिंद्रला एकेक नाग लोखंडी आकड्याने उचलायला लावला. मच्छिंद्र धायरीचा, साप सांभाळण्यात हुशार. त्या खड्ड्यात दोन वर्षांपूर्वी अंड्यांतून निघालेले चौदा नाग होते. फणा काढला की मागे चष्म्याची खूण दिसायला हवी. इथे कुणाचा चष्मा एका बाजूला मिटलेला, कुणाचा नुसता वेडावाकडा नाल. गळ्याखालचा काळा ठिपका निम्म्यांना नव्हताच.

"ह्यांचा बाप कोण?" बाईंनी विचारलं.

मच्छिंद्रने खालमानेने सांगितलं. सर्कशीवाल्यांनी जाताना एक बंगालकडचा नाग देऊन टाकला होता, फण्यावर एकच गोल असलेला. पिंजरा रिकामा नव्हता. "नाग म्हनून नागिनींत सोडला, बाई. घोनस हाय का मन्यार हाय, येगळा ठेवायला?"

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. खड्ड्यावर 'नाग' अशी पाटी, म्हणून वहीत नाग, म्हणून बाटलीत नाग. दोन वर्षं त्या पिल्लांच्या काती वेगळ्या न येता खड्ड्याच्या एकाच पुडक्यात येत होत्या, आणि त्यातली एखादी मोजून बाकीच्यांपुढे बाईंनीही तेच लिहिलं होतं. स्वतःचा हा हलगर्जीपणा त्यांना सगळ्यांत जास्त झोंबला. त्यांनी विचारलं, या चौदांचं विष काढलंय का? गेल्या वर्षापासून काढतोय, आणि यंदाच्या पावसाळ्यातलं सगळं एकाच बाटलीत टाकलंय, असं मच्छिंद्र म्हणाला. ती बाटली उद्या जायची होती.

व्यवस्थापक श्रीधर सर टेबलावर पाय ठेवून पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"दोन्ही एकाच जातीत दिलेत, बाई. फार तर पोटजात वेगळी. पुस्तक आपण लिहिलंय का?"

"नाही, सर. पण कारखान्याने इकडचा चष्म्याचा नाग मागितलाय, पुस्तकातला नाही."

"तुम्हाला खात्री आहे, हा संकरच आहे म्हणून?"

"खात्री नाही. म्हणूनच सही करत नाही."

सर हसले. अनिश्चित गोष्टीवरून तीन महिन्यांची मेहनत अडवायची नसते, असं त्यांनी वडीलकीच्या सुरात समजावलं. विषात जरा इकडचंतिकडचं मिसळलं म्हणून लस काही बाद होत नाही, असंही म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं, ते मात्र सांगितलं नाही. बाई करत नसतील तर व्यवस्थापक म्हणून सही ते स्वतः करणार होते. पेन उघडलंही.

एका पेनाच्या टोकाखाली कुठल्या तरी वाडीतली अंगणात झोपेत नाग चावलेली पोर येणार, आणि हा माणूस पेनाला शाई आहे की नाही ते पाहतोय. बाईंच्या मनात एवढंच आलं. त्यांनी बाटली उचलली, बूच काढलं आणि दाराशी ठेवलेल्या फिनेलच्या बादलीत पिवळे खडे ओतले. बाटलीही त्यातच टाकली.

"कळतंय का काय केलंत?" सर उभे राहिले.

"कळतंय. लिहून देते."

आणि दिलं. 'बाटली मी ओतली. विषाची जात निश्चित नव्हती.' खाली सही, स्पष्ट अक्षरात.

दुसऱ्या दिवशी त्यांना तिकीट खिडकीवर बसवलं. त्या रोज वेळेवर आल्या, मच्छिंद्रशी एक शब्द बोलल्या नाहीत. तो चहा ठेवून जायचा. चहा गार व्हायचा. सर्पगृहात सही करायला मात्र कुणी पुढे येईना. सरांनी आता स्वतः केली असती, पण बाईंचा कागद फायलीत बसलेला. मच्छिंद्रला विचारलं तर म्हणाला, "मला खवलं दिसत्यात, सायेब, मोजता येत न्हाईत."

तीन आठवड्यांनी सर खिडकीशी आले. मागे शाळेची सहल उभी होती. त्यांनी नवी, कोरी चिठ्ठी आत सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाले की झालं गेलं विसरूया.

बाईंनी चिठ्ठी तशीच बाहेर सरकवली.

"ते चौदा नाग आधी वेगळे काढा. कारखान्याला तसं पत्र लिहा, आधीच्या बाटल्यांबद्दलही. त्यांत माझ्याही सह्या आहेत, ते लिहायचं राहू देऊ नका."

सर काही बोलणार होते.

"आणि बाजूला व्हा, सर," बाई म्हणाल्या. "मुलं उन्हात उभी आहेत."