चारही चाकं वर

"आधी वाकून बघा, मग बोला," असं मेस्त्री म्हणायचे आणि म्हणण्याआधी स्वतः वाकलेले असायचे. समोर बसचा सांगाडा असो, गेटचं बिजागर असो की कँटीनमधला डुगडुगणारा बाक, गुडघ्यांवर हात टेकून ते तो आधी खालून बघत. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात बसच्या बॉड्या बांधायचं काम चाले. ते शेडमधले मुख्य फिटर, मी ऑफिसातला कारकून. बावीस वर्षं आम्ही एकाच गेटातून आत गेलो.

मेस्त्री मूळचे निपाणीचे. आई विड्या वळायची, आणि वळता वळता लहानग्या लेकाकडून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायची. त्यामुळे छापलेला कुठलाही कागद पुटपुटत वाचायची सवय त्यांना लागली ती कायमची. वेल्डिंग रॉडच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा ते सोडत नसत. शेडमधली माणसं हसत.

"मेस्त्री, पूजा चाललीया काय?"

"कुणीतरी वाचावं म्हणूनच छापलंय न्हवं?" ते शांतपणे म्हणत.

मी लिहिलेलं मात्र ते कधी वाचत नसत. प्रत्येक कामाचं एक कार्ड असे. काय करायचं, काय झालं, हे मी लिहायचं आणि खाली मेस्त्रींनी सही करायची. दर सोमवारी ते दहाबारा कोऱ्या कार्डांवर सह्या करून माझ्या टेबलावर ठेवून जात. मी एकदा म्हटलं, "अहो, वर मी काहीही लिहीन की."

"तुमी ल्हिताय म्हटल्यावर बघायचं काय, आप्पा?"

मला त्याचा अभिमान वाटे. घरी बायकोलाही मी ते सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तुम्हीही अशा गोष्टी पाहिल्या असतील आणि माझ्यासारखंच काही बोलला नसाल. मालकांच्या केबिनमध्ये आम्हाला चहा काचेच्या कपातून येई, मेस्त्रींना कागदी कपातून. मेस्त्री म्हणत, "मला नको, आत्ताच झाला." बावीस वर्षं त्यांचा चहा आत्ताच झालेला असे. आणि मी माझा कप संपवत असे.

मग ती घरगाडी आली. शहरातल्या एका मोठ्या बांधकामवाल्यांना मोटरहोम बांधून हवं होतं. बसच्या सांगाड्यावर स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी, सगळं. शेडमध्ये तिला सगळे घरगाडी म्हणू लागले. मेस्त्री त्या कामात लहान मुलासारखे रमले. वळणावर उघडू नयेत म्हणून त्यांनी भांड्यांच्या कप्प्यांना आतून खिट्ट्या बसवल्या. एकदा मला हाताला धरून आत नेलं.

"झोपा, आप्पा."

"कामाच्या वेळेला?"

"उंची बघायचीया. घरगाडीचं मालक तुमच्याएवढंच हाईत."

मी बूट काढून पलंगावर आडवा झालो. त्यांनी माझ्या डोक्यापासून वरच्या फळीपर्यंत टेप धरली, आणि उठताना माझं कपाळ आपटलं तेव्हा समाधानानं म्हणाले, "बगा. चार बोटं वर घ्याया पायजे."

घरगाडी तयार झाल्यावर त्या बांधकामवाल्या गृहस्थांनी आपली नवी मोटार आणली. घरगाडी एका जागी उभी करायची आणि आसपास फिरायला मागून ओढत आणलेली मोटार वापरायची, असा त्यांचा बेत होता. तिची पुढची दोन चाकं एका छोट्या दोनचाकी गाड्यावर चढवून पट्ट्यांनी बांधायची, मागची दोन रस्त्यावरून फिरत येतील. सोपं काम होतं. पण मेस्त्री सवयीप्रमाणे वाकले. खाली जरा जास्तच वेळ राहिले. मग मोटारीतलं इंग्रजी पुस्तक काढून पुटपुटत बसले आणि अडलेलं एक पान मुलीला फोनवर वाचून दाखवलं. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मोटार चारही बाजूंनी उचलून ठेवली. खालून पुढे-मागे जाणाऱ्या दांड्यावर खडूनं एक रेघ मारली. मालक आणि ते गृहस्थ आले तेव्हा दोघांना मागची चाकं हातानं फिरवायला लावली. दांडा फिरू लागला, त्यावरची पांढरी रेघ फिरू लागली.

"ह्या गाडीत चारीबी चाकं एकमेकांस्नी जोडल्यात," मेस्त्री म्हणाले. "मागची पळत्यात, पुढची तुमी बांधून ठेवल्यात. मग मधल्या दांड्यानं जायाचं कुठं? आतलं सगळं तापणार, जळणार आणि अडकणार. चारीबी चाकं वर घ्या. आख्खी गाडी ट्रेलरवर चढवा."

ट्रेलर बांधायला तीन आठवडे लागले असते. त्या गृहस्थांच्या सहलीचा दिवस ठरला होता, पाहुणे ठरले होते. ते मालकांकडे बघू लागले. मालक हसून म्हणाले, "आता हे आपल्याला शिकवणार."

केबिनपर्यंत सगळे त्या वाक्यावर हसले. मीही हसलो.

मेस्त्री माझ्या टेबलाशी आले. "आप्पा, कार्ड काढा. ल्हिवा." त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं : ही गाडी चारही चाके वर घेऊनच न्यावी, दोन चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. त्या एका दिवशी त्यांनी माझं अक्षर पुटपुटत वाचलं आणि मग सही केली. मालकांनी तो दोनचाकी गाडा दुसऱ्यांकडून दोन दिवसांत करून घेतला. मेस्त्रींनी त्याला हात लावला नाही.

घरगाडी सकाळी निघाली. निपाणीच्या अलीकडच्या घाटात मागच्या मोटारीतून धूर येऊ लागला. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून थांबवलं. घरगाडीचा ड्रायव्हर उतरून दोन गाड्यांच्या मध्ये शिरला. मागची चाकं आवळून बसली होती, पट्ट्यांवर सगळा ताण आला होता. एक पट्टा तुटला आणि मोटार गाड्यावरून घसरून त्याच्या पायावर आली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तो बत्तीस वर्षांचा होता.

त्याच संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. मेस्त्रींनी लिहून घेतलेलं कार्ड मी फाईलमधून काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "मेस्त्रीच्या सहीची कोरी कार्डं तुमच्याकडं असतात ना?"

निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली होती. हे कारण म्हणून सांगत नाही. डोक्यात तेव्हा तेवढंच होतं, म्हणून सांगतो. मी एक कोरं कार्ड घेतलं आणि मालक सांगत गेले तसं लिहिलं : दोनचाकी गाडा जोडला, पट्टे तपासले, काम योग्य. खाली सही होतीच.

चौकशीला विम्याचा माणूस आला. मेस्त्री हात पुसत केबिनमध्ये आले. "म्या सांगितलं हुतं," ते म्हणाले. "कार्ड बगा."

मालकांनी कार्ड पुढे सरकवलं. मेस्त्री वाचू लागले. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

"सही माझीच हाय," ते म्हणाले.

एवढंच. अक्षर कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. डबा घेऊन, मोटरसायकल ढकलत ते गेटाबाहेर गेले आणि घराकडे, मच्छेच्या रस्त्याला लागले.

उद्यमबागेत बातमी कारखान्याकारखान्यातून फिरते. त्यांच्या हलगर्जीपणानं एकाचा पाय गेला, हे सगळीकडे पोचलं होतं. फिटर म्हणून त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही. निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत ते बोदांवर, म्हणजे बांधलेल्या गाठोड्यांवर, नंबर टाकायच्या कामाला लागले. रोज जाऊन-येऊन.

मी ठरल्या वेळी निवृत्त झालो. सत्कारात मला घड्याळ मिळालं.

त्यानंतर एकदा कोल्हापूरला निघालो होतो. एसटी भरलेली होती. मी दांडा धरून उभा, तोच कुणीतरी बाही ओढली. मेस्त्री. खिडकीकडे सरकून त्यांनी मला जागा केली. कपड्यांना तंबाखूचा उग्र वास होता आणि ते मधूनमधून खोकत होते. मुलगी पुण्याला नोकरीला लागली, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याकडे वळलो.

"मेस्त्री, त्या कार्डाचं..."

"तुमची दोन वर्सं ऱ्हायली हुती न्हवं तवा?" ते म्हणाले. रागानं नाही. एखाद्या जागेचं माप घेतल्यासारखं. मग म्हणाले, "त्या ड्रायव्हरला म्या सांगून आलो. घरला जाऊन. त्येचा इश्वास बसला न्हाय. बसंल कसा? कागद वायलंच सांगतोय."

निपाणीला ते उतरले. उतरताना माझी पिशवी त्यांनी फळीवर नीट ठेवली.

वर्षभरात ते गेले. छातीचं दुखणं होतं म्हणे. मच्छेला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. अंगणात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी त्यांचा फोटो होता. वंदना झाली. चारपाच जण बोलले. कारखान्यातलं माझ्याशिवाय कुणी आलं नव्हतं, म्हणून मलाही बोलायला लावलं. कप्प्यांच्या खिट्ट्या, माझं आपटलेलं कपाळ, पुटपुटत वाचणं, सगळं सांगितलं. लोकांना आवडलं. काही जण डोळे पुसत होते. मी खाली बसलो.

माणसं पांगल्यावर त्यांची मुलगी खुर्च्या आवरू लागली. शेवटी माझ्याजवळ येऊन थांबली.

"काका, एक विचारू? बाबांनी त्या अपघाताबद्दल घरात कधीच काही सांगितलं नाही. मला त्यांनी फोनवर ते पान वाचून दाखवलं होतं. चूक त्यांची होती का?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

मी तिला सांगितलं. कार्ड, कोरी सही, लावलेलं दार, सगळं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझं बोलणं संपल्यावरही ती तशीच उभी राहिली. आता विचारील, आता शिव्या देईल, म्हणून मी वाट बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं की अंगणात माझी एकच खुर्ची उरली आहे. मी उठलो. तिनं ती उचलली, बाकीच्यांवर रचली आणि घरात निघून गेली.