दगडी गायिका आणि सासूबाईंचा रियाज

गेल्या वर्षी पाच ऑक्टोबरला दिवाळीची साफसफाई काढली होती. स्टुलावर चढून मी हॉलमधल्या चार तसबिरींच्या काचा पुसत होते. तसबिरी ऑपेरा गाणाऱ्या बायकांच्या, म्हणजे त्यांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या. बाईचा पुतळा, पुतळ्याचा फोटो, फोटोची छापील प्रत. यात गाणं कुठे गळालं कोण जाणे. चौघींची तोंडं मात्र सताड उघडी.

नवऱ्याने त्या ऑनलाइन मागवल्या होत्या. तो घरून काम करतो, व्हिडिओ कॉलवर परदेशी साहेब असतात, तेव्हा मागची भिंत भारदस्त दिसायला हवी. एका साहेबाने विचारलं, ऑपेरा आवडतो वाटतं? याने खुशाल हो म्हणून सांगितलं. आयुष्यात ऑपेराची एक ओळ ऐकलेली नाही. मॉलमध्ये गाणी लागली तरी याचं डोकं दुखतं.

आमच्या घरात खरं गाणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी रियाज. तो कॉलमध्ये ऐकू जातो म्हणून नवऱ्याने त्यांना आधी दार लावून घ्यायला सांगितलं, मग हळू गायला, मग दुपारी गायला. दुपारी शेजारचे झोपतात. गेला महिनाभर त्या गायल्याच नव्हत्या.

मी स्टुलावर असतानाच त्या आल्या आणि नागपूरला लेकीकडे जायचं तिकीट काढून दे म्हणाल्या. परतीचं नको.

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "यार आई, गाऊ नकोस असं कधी म्हटलं मी?"

"नाही म्हटलंस." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तुला अशा हव्यात. तोंड उघडं, आवाज बंद."

तो हसला. त्याला वाटलं, आई गंमत करतेय. त्या हसल्या नाहीत. मी तिकीट बघते म्हटलं आणि बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी त्याचं टेबल, लॅपटॉप आणि चारही बायका मागच्या खोलीत वॉशिंग मशीनजवळ नेऊन ठेवल्या. हॉलमध्ये सतरंजी घातली आणि सासूबाईंना म्हटलं, "इथे बसा. दार उघडं राहू दे, मला स्वयंपाकघरात ऐकू यायला हवं." त्या बसल्या आणि त्यांनी सा लावला.

नवरा टॉवेल गुंडाळून आला. साहेबांना काय सांगू, म्हणाला. मी मागच्या खोलीत जाऊन त्याच्या टेबलाशेजारच्या मशीनमध्ये चादरी टाकल्या आणि बटण दाबलं.