नागरत्नाअक्का कंपनी बघून येतात

मन्नाएखेळ्ळी गावात कुणाच्या पोरीला लांबची नोकरी लागली की आईबाप आधी नागरत्नाअक्कांना गाठत. मुलगी देण्याआधी घर बघतात, तशा अक्का कंपनी बघून येत. त्या चालवत त्या शिवणवर्गातल्या बावीस मुली त्यांनी अशाच कंपन्या पारखून धाडल्या होत्या. पाणी कुठून येतं, भाजी कशी असते, वसतिगृहापर्यंत रस्त्याला दिवे आहेत का, सगळं विचारायच्या. दोनदा त्यांनी नको म्हटलं, तेव्हा त्या घरचे लोक वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

यंदा राजूबाईच्या पिंकीला हैदराबादच्या पलीकडं, औषधं पॅक करायच्या कंपनीत बोलावणं आलं. सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. अक्का शुक्रवारी पहाटे निघाल्या.

कंपनीच्या वसतिगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं त्यांचा मोबाइल ठेवून घेतला. वॉर्डनबाई गोड बोलत होत्या, चहाही आला. खोल्या स्वच्छ, खाटांवर धुतलेल्या चादरी. अक्का मान डोलावत होत्या, तोच त्यांची नजर दाराकडं गेली. कडी बाहेरून होती. आतून नव्हतीच. पुढच्या दाराचंही तसंच.

"मुलींच्या सुरक्षिततेसाठी," न विचारताच वॉर्डनबाई म्हणाल्या.

शेवटच्या खोलीत एक मुलगी तापानं पडली होती. कुणाची गं तू, अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं. हळ्ळीखेडच्या वीरभद्रप्पांची, ती उठून बसत म्हणाली. बरं आहे का इथं, यावर तिनं आधी वॉर्डनबाईंकडं पाहिलं.

"छान आहे, अक्का. अप्पांना सांगा, जत्रेला मला न्यायला या."

हळ्ळीखेडची जत्रा होऊन पंधरा दिवस झाले होते. अक्का स्वतः जाऊन आल्या होत्या.

काय म्हणाली, वॉर्डनबाईंनी विचारलं. घरची आठवण येते म्हणाली, असं अक्कांनी सांगितलं, आणि आपला आवाज कापला की काय या धास्तीनं चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला. कप रिकामा होता.

परतताना फाटकावर मोबाइल मिळेना. साहेब येईपर्यंत बसा म्हणाले. पहारेकऱ्यानं सहज विचारावं तसं विचारलं, इकडं आलात ते घरी ठाऊक आहे का? अक्का म्हणाल्या, भाऊ पोलिसात आहे, त्यानंच बसमध्ये बसवलं. त्यांना भाऊ नव्हता. वीस मिनिटं त्या बाकावर पदर मुठीत धरून बसल्या. मग पहारेकऱ्याला कुणाचा तरी फोन आला, त्यानं मोबाइल परत दिला आणि फाटक उघडलं.

संध्याकाळी बस मन्नाएखेळ्ळीला थांबली, तेव्हा पिंकी आईसोबत स्टँडवर उभीच होती.

"अक्का, उतरा की. कसं हाय तिथं?"

"जायाचं न्हाई, पिंके," अक्का बसच्या खिडकीतूनच म्हणाल्या.

"कामून? बॅग भरून ठिवलीय मी."

"दाराला आतून कडी न्हाई. कोंडून ठिवतेत पोरींला."

राजूबाईनं लेकीचा दंड घट्ट धरला. पिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्का मात्र उतरल्या नाहीत. वीरभद्रप्पांचा नंबर शोधला असता तर मिळाला असता. पण फोनवर ऐकून कोणता बाप गप्प बसेल? तो आधी कंपनीलाच फोन लावील, आणि मग त्या खोलीत पोरीचं काय होईल, हे त्यांना मनात आणवेना. समोर बसूनच सांगायला हवं होतं, की फोन करू नका, चार माणसं घेऊन थेट फाटकावर जा.

त्यांनी कंडक्टरकडून पुढं हुमनाबादपर्यंत तिकीट वाढवून घेतलं आणि विचारलं, तिथून हळ्ळीखेडला शेवटची गाडी किती वाजता.