दरबाराचा माणूस आणि कानबाईचा रोट

त्या श्रावणातला तो प्रसंग आठवला की मला अजून हसू येतं. मी बुऱ्हाणपूरला नवा फौजदार होतो. दक्षिणेचं एक संस्थान भारतात सामील व्हायला तयार नव्हतं; परक्या सरकारसारखं वागत होतं आणि आमच्या हद्दीतली माणसं फोडायला हस्तक पाठवत होतं.

खबऱ्याने सांगितलं, निंबोल्यात लोकल बोर्डाच्या एका सभासदाकडे असाच एक हस्तक उतरलाय. ‘या वादात आमचा भाग तटस्थ राहील’ असा ठराव त्याला बोर्डात मांडून हवा होता. बदल्यात जहागिरीचं वचन. हा सभासद, केळीचा बागाईतदार, इतका हुरळला होता, की जहागीरदाराला शोभेल असा जरीचा फेटा त्याने आधीच आणून ठेवला होता.

मी दोन शिपाई घेऊन गेलो. पाहुणा ओसरीवर पान चघळत होता.

“हा कोण?”

“मना चुलतभाऊ शे, साहेब,” यजमान बिनदिक्कत म्हणाला.

त्याने शपथही घेतली. पाहुण्याने यजमानाच्या आजा-पणज्यांची नावं घडाघडा सांगितली. झडतीत काही सापडेना. पुराव्याशिवाय अटक केली तर वरिष्ठ माझीच हजेरी घेणार, आणि सोडला तर उद्या बोर्डात ठराव येणार. माझी चांगलीच पंचाईत झाली.

तेवढ्यात आतून पुरणाचा वास आला. घरात कानबाई बसली होती. या देवीचा रोट, म्हणजे नैवेद्याचं जेवण, खानदेशी घरात फक्त भाऊबंदांनी खायचं. परक्याच्या तोंडी कणही जाता कामा नये. मी ऐसपैस मांडी घातली.

“चुलतभाऊ उपाशी का? वाढा त्याला रोट. त्याने खाल्ला की मी निघालो.”

पाहुण्याने आनंदाने हात धुतले. बिचाऱ्याला हा नेम कुणी सांगितलाच नव्हता. यजमानाला मात्र घाम फुटला. त्याने कसंबसं ताट मागवलं. त्याची बायको ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

“मी नई वाढस, साहेब. हाऊ आमना भाऊबंद नई.”

“अवं, मी जेलमा जासू ना!” नवरा कळवळला.

“जा. जेलमाईन परत येशी. कानबाई रुसनी ते घरनं काय हुई?”

पाहुण्याने ओले हात धोतराला पुसले आणि सगळं कबूल केलं. ठराव बारगळला. यजमान माफीचा साक्षीदार होऊन सुटला. दुसऱ्या दिवशी त्याच बाईने कोठडीतल्या पाहुण्याला भाकरी आणि भरीत पाठवलं, तेव्हा मात्र मला भरून आलं.

पुढे नोकरीत पुष्कळ फितूर पाहिले. माणूस विकत मिळतो, त्याची शपथही मिळते, हे तिथेच कळलं. पण घरात आपला कोण आणि परका कोण, हे ठरवणारं माणूस बहुधा स्वयंपाकघरात असतं. संस्थानाच्या दरबाराने सगळ्यांशी बोलणी केली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.