अकरावं पान

ऐंशी सालच्या सुमारास वाशीत आमच्या सोसायटीच्या मागच्या खोलीत एक वाचनालय होतं. तिथला माणूस दिवसभर तुर्भ्याच्या कारखान्यात टाइमकीपर आणि संध्याकाळी आमचा ग्रंथपाल. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खोडरबर. परत आलेल्या पुस्तकात वाचकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं तो आधी खोडायचा. ‘छान’, ‘रडू आलं’, ‘शेवट फसला’, सगळं साफ. “पुस्तक आहे की मुतारीची भिंत?” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून बायका ठरावीक पानावर खूण करायच्या; तेवढी तो राहू द्यायचा. माझी आई अकराव्या पानावर करायची, एवढं मला ठाऊक होतं.

ती गेल्यावर, तेरावं उरकून मी तिचं शेवटचं पुस्तक परत द्यायला गेलो. त्यानं थेट अकरावं पान उघडलं आणि माझ्यासमोरच खोडायला लागला. खूण तर तो खोडायचा नाही, आणि वेळही बराच लागत होता.

“काय होतं?” मी विचारलं.

त्यानं फुंकर मारून रबराचा चुरा उडवला. “‘हिला निदान परत जायला माहेर तरी आहे.’ नायिकेबद्दल. नेहमीचंच. तुमच्या आई प्रत्येक पुस्तकात असलं काहीतरी लिहायच्या. दाबून लिहायच्या, लवकर निघायचं नाही.”

त्याच्या हातातलं रबर हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण तिचं सगळं लिहिणं वाचलेला तो एकटाच होता. ते पुस्तक तेरा दिवस आमच्या घरात, तिच्या कॉटवर पडून होतं. आमच्यापैकी कुणीही ते उघडलं नव्हतं.