चावी जनतेची आहे!

आमच्या चळवळीतले सगळे निर्णय एकमताने होतात, कारण चळवळीत मी एकटीच आहे.

सुरुवातीला मैत्रिणी होत्या. एक नोकरीला पुण्याला गेली, एक लग्न करून इचलकरंजीला, बाकीच्या ग्रुपवर आहेत. (ग्रुपवर म्हणजे मी लिहायचं आणि त्यांनी अंगठा दाखवायचा!) प्रश्न मात्र सगळ्यांचा: शहरातली बायकांची स्वच्छतागृहं कायम कुलूपबंद! मी पत्रकं काढली. लोकांनी ती हसतमुखाने घेतली आणि त्यांत भडंग बांधला. म्हणून ठरवलं, आता वेबसाइट! तिच्यावर शहराचा नकाशा. उघडं स्वच्छतागृह हिरवं, बंद असेल ते लाल. (नकाशाला गोवर आल्यासारखं दिसायचं.)

पुण्याच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, फोनवरून शिकवलं. "हे बघ, नकाशा वापरायला नकाशाच्या कंपनीत खातं काढायचं. मग एक चावी मिळती, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती वेबसाइटमधी टाकायची."

"टाकली."

"आता तिच्यावर बंधन घाल. फक्त तुझ्याच वेबसाइटवर चालंल असं."

"बंधन?" मी ताडकन उभी राहिले. "दाजी, आपण कुलपांविरुद्ध लढतोय! आणि मीच कुलूप लावू?"

"अगं प्रज्ञा, ऐक की जरा..."

मी फोन ठेवला. इथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी पडले पत्रकबाज! पुढच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला ठळक टाइपात छापलं: 'आम्ही जनतेपासून काहीही लपवत नाही. ही आमच्या नकाशाची चावी. कुणीही वापरा!' खाली ती अख्खी माळ.

छापखानेवाले काका म्हणाले, "पोरी, ह्यो पासवर्डागत दिसतोय. छापायचा?"

"छापायचाच!"

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा पुसून अक्षर न् अक्षर तपासलं. (कुठे एखादी चूक राहिली असती तर वाचलो असतो. पण आमच्या घरात मुद्रितशोधन फार कडक!)

आता, नकाशा किती वेळा उघडला याचा त्या खात्यात एक आलेख दिसतो. माझा आलेख रंकाळ्याच्या पाण्यासारखा सपाट. मधेच एखादी लाट उठली तर ती मी. दुसरी लाट आली तर आई. बिचारी स्वयंपाकघरातून उघडून बघायची, मला बरं वाटावं म्हणून.

आणि एका सकाळी ती रेषा पन्हाळ्याच्या कड्यासारखी सरळ वर गेलेली!

"आई! लोक उठले!"

"धा वाजलं की. अजून झोपून चालंल व्हय?"

मी मात्र त्या रेषेवर बोट फिरवत बसले. कुणीतरी, कुठेतरी, माझं काम बघत होतं. डोळ्यांत पाणी आलं. (पत्रकात असलं लिहिता येत नाही.) लगेच ग्रुपवर जाहीर केलं: रविवारी सकाळी आमच्या दारात जाहीर सभा! अंगठे आले. आप्पांनी मांडववाल्याला खुर्च्या सांगितल्या.

"किती माणसं येणार?" आईने विचारलं.

"जनता!"

"म्हंजे पोहं किती भिजवू?"

रविवारी खुर्च्या आल्या, पोहे झाले, जनता आली नाही. मी पडद्यावर नकाशा लावला, तर नुसता करडा चौकोन!

आप्पा निरखून म्हणाले, "हे सगळं तळंच दिसतंय की गं! जमीन कुठं हाय?"

दाजींना फोन लावला. त्यांनी खात्यात शिरून बघितलं. "फुकट वापराचा कोटा संपलाय. तुझी चावी दुसऱ्याच वेबसाइटींवर चालू हाय. लग्नाचा हॉल, भाड्याच्या गाड्या... बाहेर गेली कशी?"

"पत्रकातून."

दाजींनी हळूच विचारलं, "कशातनं?"

म्हणजे ती जनता माझी नव्हतीच. त्यांना नकाशा हवा होता. त्यावरचे माझे लाल ठिपके कुणीच बघितले नव्हते. रिकाम्या खुर्च्यांसमोर मी माइक धरून उभी. आई म्हणाली, "पोहं गार व्हायल्यात."

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. "चावीवाल्या ताई हितंच ऱ्हात्यात का?"

"पावणं, या, बसा की!" आईने माणूस बघून आधी बशीच भरली.

"बसतो, पण माझं काय ते बघा. पन्हाळ्याजवळ माझं तंबूतलं हॉटेल हाय. वेबसाइटवरचा नकाशा बंद पडलाय. गिऱ्हाइकं भलत्याच गावाला जायल्यात!"

"तुम्ही आमचं पत्रक वाचलंत?" माझा आवाज चिरकला.

"वाचलो की. मागनं."

"आणि पुढून?"

"पुढं बी काय हाय व्हय?"

मी त्याला अख्खं भाषण ऐकवलं, माइकवरून. तो पोहे खात ऐकत राहिला. मधेच घास थांबवून म्हणाला, "मग बायका जात्यात तरी कुठं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी उत्तर द्यायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिले.

दाजींनी सांगितल्याप्रमाणे मी नवी चावी काढली, कडेकोट बंधन घातलं आणि कुणालाही दाखवली नाही. त्या माणसाने स्वतःची चावी कशी काढायची, हे दोन मिनिटांत शिकवता येतं. शिकला की तो परत कशाला येईल? म्हणून आता तो दर रविवारी येतो, पोहे खातो, सभा ऐकतो आणि जाताना विचारतो, "ताई, चावीचं काय झालं?"

आणि मी मान वर न करता सांगते, "काम प्रक्रियेत आहे. पुढच्या रविवारी या."